दोन बोटांचे अंतर

आज गोकुळाष्टमी. मध्यरात्री घरोघरी बाळकृष्णाचा पाळणा हलेल, सुंठवड्याचा प्रसाद हातावर पडेल आणि उद्या गोपाळकाल्याच्या हंड्या फुटतील. या उत्साहात एक साधी गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. ज्या बालकाचा जन्म आपण एवढ्या कौतुकाने साजरा करतो, त्याला जन्मानंतर काही घटकांतच घर सोडावे लागले. वसुदेवाने त्याला टोपलीत घातले, भरलेली यमुना ओलांडली आणि दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या आईच्या कुशीत नेऊन ठेवले. मथुरेत तो जन्मला, वाढला गोकुळात. आपल्या गौळणींतून, पाळण्यांतून आणि जात्यावरच्या ओव्यांतून जो कृष्ण नांदतो, तो यशोदेच्या घरचा आहे.

परक्या घरी राहून त्या घरचे होणे कृष्णाला तान्हेपणी साधले. जाणत्या वयात ते फार अवघड असते. दरवर्षी याच श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पंधरा-सोळा वर्षांची कितीतरी मुले विद्यार्थी-विनिमय योजनांतून आईबापांचा निरोप घेतात आणि सातासमुद्रापलीकडे, कधी न पाहिलेल्या कुटुंबात वर्षभर राहावयास जातात. परदेशी मुलेही अशीच आपल्याकडे येतात. असे एक वर्ष आम्ही स्वतः काढले आहे. त्याला आता चार तपे होत आली. तरी गोकुळाष्टमी आली की भागवताच्या दशम स्कंधातील एक कथा आणि ते घर, दोन्ही एकदमच आठवतात.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कृष्णाने दह्याचे मडके फोडले, लोणी माकडांना वाटले. यशोदा रागावली आणि त्याला उखळाला बांधू लागली. दावे दोन बोटे कमी पडले. तिने दुसरे दावे जोडले, तेही दोन बोटे कमी. घरातली सारी दावी संपली, यशोदा घामाघूम झाली. अंतर तेवढेच राहिले. अखेर आईचे श्रम पाहून बाळ आपण होऊन बांधून घेण्यास तयार झाला. पोटाला दावे बांधले गेले म्हणून तो दामोदर. हे दोन बोटांचे अंतर कशाचे, याचा उलगडा आम्हाला कोणा शास्त्रीबुवांकडून झाला नाही. तो ओहायो राज्यातील एका गोठ्यात झाला. पण त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

अतिथी आणि अंतेवासी

‘अतिथिदेवो भव’ हे तैत्तिरीय उपनिषदातील वचन आपण अभिमानाने सांगतो. परंतु अतिथी म्हणजे कोण? मनुस्मृतीने त्याची मर्यादा स्पष्ट घालून दिली आहे. जो एक रात्र राहतो तो अतिथी. त्याचे राहणे नित्याचे नसते म्हणून तो अतिथी. जो गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहतो त्याला आपल्या परंपरेने निराळा शब्द दिला आहे, तो म्हणजे अंतेवासी. अंतेवासी समिधा आणतो, गाई राखतो, चुकला तर बोलणी खातो. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण-सुदामा सरपणासाठी रानात गेले आणि रात्रभर पावसात अडकले, ही कथा अतिथींची नव्हे, अंतेवासींची आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचे अलीकडचे रूप म्हणजे वार लावून जेवणे. पुण्यासारख्या गावी शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवत असे. कोणा घरी सोमवारी पोटच्या पोराच्या मायेने वाढले जाई, तर कोणा घरी बुधवारी पानात काय पडते यापेक्षा कोणत्या नजरेने पडते, तेच अधिक खुपे. ज्याने वार लावून शिक्षण केले, त्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ‘आणखी थोडे वाढा’ म्हणण्यास किती धैर्य लागते, हे कोणी शिकवावे लागले नाही. या चालीला जातीचे कुंपण होते, हेही विसरता येत नाही. ते कुंपण मोडून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. दुसऱ्यांच्या लेकरांची आई होणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने साताऱ्यात पाहिले आहे.

रोझेलची मावशी

परदेशी कुटुंबात राहून शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची परंपरा शोधू लागलो, तर अगदी आरंभाजवळ आनंदीबाई जोशी भेटतात. अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० साली दंतवैद्याकडे बसली असता एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशांचा पत्रव्यवहार वाचला आणि न पाहिलेल्या आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यातून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई एकट्या न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्या, तेव्हा त्यांना उतरवून घ्यावयास याच बाई आल्या होत्या. पुढचे महिने आनंदीबाई रोझेलच्या त्या घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या.

‘हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन’ अशा आशयाचा निश्चय त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत जाहीर केला होता. तो पाळणे सोपे नव्हते. आहार शाकाहारी राहिला. नऊवारीने थंडीत पाय उघडे पडत म्हणून साडी नेसण्याची पद्धत मात्र त्यांनी बदलली. काय सोडावयाचे आणि काय धरावयाचे, हा निवाडा परक्या घरी प्रत्येकाला असा एकेका गोष्टीपुरता, एकट्यानेच करावा लागतो. आमचे लक्ष मात्र आणखी एका लहानशा गोष्टीकडे जाते. कार्पेंटरबाईंना त्यांनी नाते दिले ते मावशीचे. आईची जागा आईपाशी राहिली आणि परकीही परकी उरली नाही. या एका हाकेसाठी आम्हाला पाच महिने लागले.

रुग्णवाहिकांतून शाळेकडे

यजमान कुटुंबाची ही कल्पना पुढे संस्थांनी उचलली. १९३२ साली डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थाने तरुणांना युरोपात नेऊन तेथील कुटुंबांत ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. त्याहूनही विलक्षण कथा अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संस्थेची आहे. १९१५ साली फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेण्यासाठी ती जन्मली. दुसऱ्या महायुद्धात तिचे स्वयंसेवक भारत-ब्रह्मदेश सीमेवरही होते. दोन युद्धांतील प्रेते पाहून त्या चालकांना असे वाटले, की मुले एकमेकांच्या घरी जेवली असती तर कदाचित हे टळले असते. १९४७ साली त्यांनी दहा देशांची ५२ मुले अमेरिकेत आणून कुटुंबांत ठेवली. अमेरिकेतील शालेय विनिमयात यजमान कुटुंबाला या सेवेचा मोबदला मिळत नाही. मुलाचे जेवण, निवारा आणि जबाबदारी ते आपखुशीने पत्करते. मूल आणि कुटुंब यांच्यामध्ये एक स्थानिक समन्वयक असतो. बाकी सारे त्या दोघांवर.

आम्ही १९७७ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका योजनेतून निघालो. वय सोळा. सांगलीच्या गावभागातील आमचे घर चार खोल्यांचे, माणसे नऊ. ओहायो राज्याच्या वायव्य भागात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, एका दूध-व्यावसायिकाच्या घरी आमची व्यवस्था झाली होती. गोठ्यात चाळीस गाई, घरात आईवडील, आमच्याच वयाचा एक मुलगा आणि एक धाकटी मुलगी. आमच्यासाठी माडीवर स्वतंत्र खोली होती. आयुष्यात प्रथमच आम्ही एकटे झोपलो, आणि पहिले चार दिवस झोप आली नाही.

‘नको’ या शब्दाचा अर्थ

त्या घरातील माणसे अतिशय सज्जन होती. तरीही पहिल्या महिन्यात आम्ही अनेक रात्री अर्धपोटी झोपलो. आपल्याकडे वाढणाऱ्याने आग्रह करावा, जेवणाऱ्याने दोनदा ‘नको’ म्हणावे आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यावे, ही रीत. तेथे आम्ही सवयीने ‘नको’ म्हणालो की भांडे पुढे सरके आणि परत येत नसे. ‘नको’ म्हणजे नको. उलट, जेवणानंतर त्या घरची मुलेसुद्धा आईचे आभार मानीत. आम्ही कधी मानले नाहीत; आईचे आभार मानणे आमच्या घरी परकेपणाचे ठरले असते. आम्हाला जेवण आवडत नाही असा त्या माउलीचा समज झाला. आम्ही मांसाहार करीत नाही हे तिला अर्जावरून ठाऊक होते. परंतु रश्श्यातले मांसाचे तुकडे बाजूला काढले की तो रस्सा चालतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. ज्या गाईंना सकाळी आम्ही चारा घालीत असू, त्यांपैकी भाकड झालेली एक एके दिवशी ट्रकमधून गेली. कोठे गेली हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

दुसऱ्याच आठवड्यात न्हाणीघराचा प्रकार घडला. बंब, घंगाळ आणि तांब्या यांवर वाढलेला जीव. माडीवरच्या त्या न्हाणीघरात टबाबाहेर उभे राहून आम्ही स्वयंपाकघरातील एका जगाने यथेच्छ आंघोळ केली. जमीन लाकडाची होती. पाणी खालच्या स्वयंपाकघराच्या छतातून टेबलावर ठिबकू लागले. आम्ही शरमेने अर्धमेले झालो. परंतु घरात कोणी एक शब्द बोलले नाही. ‘काही बिघडले नाही’ म्हणत बाई हसल्या आणि रविवारी यजमानांनी छताचा तो भाग निमूटपणे दुरुस्त केला. त्याच संध्याकाळी त्यांचा स्वतःचा मुलगा चिखलाचे बूट घेऊन आत आला म्हणून त्याला सडकून बोलणी बसली. तो पाय आपटीत निघून गेला. आम्ही जिन्यात उभे राहून ते ऐकत होतो, आणि खरे सांगावयाचे तर आम्हाला त्याचा हेवा वाटला.

थोड्याच दिवसांनी गोकुळाष्टमी आली. पंचांगातील तिथी आईने कागदावर लिहून दिली होती. आम्ही कोणालाही न सांगता उपवास धरला. न्याहारी टाळली, शाळेत जेवलो नाही, रात्री ताटावरून उठलो. बाईंनी घाबरून समन्वयकास दूरध्वनी केला. अखेर सारा उलगडा झाला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘मग उपवास सुटणार केव्हा?’ मध्यरात्री, असे आम्ही सांगितले. त्या घरी पहाटे साडेचारला धारा काढावयास उठत. नऊनंतर दिवा दिसत नसे. त्या रात्री बारा वाजता आम्ही जिना उतरलो, तर स्वयंपाकघरात दिवा होता. बाई डुलक्या घेत बसल्या होत्या आणि शेगडीवर दूध तापत होते. त्या दिवशी आम्ही प्रथमच आभार मानले. आपण केवढे मोठे ऋण घेत आहोत, हे कळण्याइतके मात्र आमचे वय नव्हते.

उतरणीचे दिवस

मक्याची कापणी झाली. नोव्हेंबरात लवकरच अंधारून येऊ लागले. दिवाळीचे पत्र दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आले. त्यात कोणाच्या चकल्या कशा झाल्या होत्या याचा सविस्तर वृत्तान्त होता. ते वाचून आम्ही खोलीचे दार लावून घेतले आणि ते लावलेलेच राहू लागले. घरातील माणसांनी दारावर टकटक करण्याचेही टाळले. एकांताचा मान राखणे हा त्यांचा शिष्टाचार. दार लावून बसलेल्या माणसाला कोणीतरी ढकलून बाहेर काढते, हा आमच्या घरचा शिष्टाचार. दोन्ही बाजू एकमेकींना जपत होत्या आणि अंतर वाढत होते.

पुढे वाचनात आले, की हे आमचे एकट्याचे दुर्दैव नव्हते. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात या अवस्थेचे टप्पे मांडले होते. आधी नवलाई, मग वैताग, मग सावरणे आणि शेवटी रुळणे. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या लिस्गार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून हीच उतरण आणि चढण दाखवली. सर्वांची वाट अशी आखल्यासारखी जात नाही, असे नंतरच्या संशोधकांनी म्हटले आहे. आमची मात्र गेली. डिसेंबरच्या आरंभी आम्ही समन्वयकास दुसरे घर मिळावे अशी विनंती केली. त्यांनी कारण विचारले. आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. ‘येथे आम्हाला कोणी रागावत नाही’ हे कारण अर्जावर लिहिता येण्यासारखे नव्हते. नाताळपर्यंत थांबा, असे त्यांनी सुचवले.

आणखी एक अडचण आम्ही कोणालाच सांगितली नव्हती. बाईंना हाक काय मारावी हे आम्हाला ठरवता येत नव्हते. नावाने हाक मारणे आमच्या संस्कारात बसेना आणि ‘मॉम’ म्हणावे तर सांगलीला एक आई होती. चार महिने आम्ही त्या बाईंसमोर जाऊन उभे राहून, खाकरून बोलण्यास आरंभ करीत असू. हे आम्ही घरी लिहिले. आईचे उत्तर नाताळच्या सुमारास आले. इतर मजकुराच्या मध्येच दोन ओळी होत्या. ‘ज्या बाईच्या हातचे जेवतोस तिला हाक न मारता राहतोस, हे बरे नव्हे. तू हाक मारल्याने माझे काही उणे होत नाही.’

दावे

२६ जानेवारी १९७८. त्या पहाटे ओहायोवर जे हिमवादळ कोसळले, ते तेथे अजूनही ‘मोठे वादळ’ म्हणूनच ओळखले जाते. वाऱ्याने बर्फाचे ढीग छपरापर्यंत चढले, वीज गेली, मोठे रस्ते बंद पडले. एका ओहायो राज्यातच पन्नासच्या वर माणसे दगावली. यजमानांनी घराच्या पायरीपासून गोठ्यापर्यंत एक दोर बांधला; गाईंकडे जाताना तो हातातून सोडावयाचा नाही, अशी ताकीद दिली. अशा वादळात माणसे स्वतःच्या अंगणात वाट चुकून गोठून मरतात, हे त्या मुलखात सर्वांना ठाऊक. आम्हाला ठाऊक नव्हते. आदल्या दिवशीची टपाल पेटीतच राहिली असेल, तीत घरचे पत्र असेल, या विचाराने दुपारी वारा जरा मंदावल्यासारखा वाटताच आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. पेटी अवघ्या शंभर पावलांवर, रस्त्याच्या कडेला होती.

तीस पावलांनंतर आम्हाला घर दिसेना, पेटी दिसेना, आपले हातही दिसेनात. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. कोणीतरी मानगूट धरली. यजमान कमरेला दोर बांधून आले होते. त्याच दोराचा वेढा त्यांनी आमच्या कमरेला टाकला आणि दुसऱ्या टोकाकडून मायलेकांनी आम्हा दोघांना ओढून घेतले.

दार बंद झाले आणि मग त्या बाई आमच्यावर कडाडल्या. पाच महिन्यांत कधी न ऐकलेल्या आवाजात त्यांनी आम्हाला जे काही सुनावले त्यातले निम्मे आम्हाला कळले नाही. बेअक्कल म्हणाल्या, आडमुठा म्हणाल्या, ‘तुझ्या आईला मी काय तोंड दाखवणार होते?’ असे म्हणाल्या. त्या बोलत होत्या आणि आमचे बधिर झालेले हात आपल्या काखेत धरून ऊब देत होत्या. आम्ही काहीतरी बोलण्यास तोंड उघडले आणि तोंडातून शब्द निघाला तो ‘मॉम’. त्यांच्या ते लक्षातही आले नाही. त्या रागावतच राहिल्या.

त्या संध्याकाळी वीज नव्हती, म्हणजे धारा काढण्याची यंत्रे बंद. चाळीस गाई कासा तटतटून हंबरत होत्या. दूध काढले नाही तर कासा सुजतात. घरातल्या मुलाने जन्मात हाताने धार काढली नव्हती. आम्ही आजोळी म्हशींखाली बसून वाढलो होतो. अंगठा कसा दुमडावयाचा, पान्हा कसा सोडवावयाचा, हे त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही त्याला शिकवले. दुधाची गाडी येणे शक्य नव्हते. ते दूध घागरी-घागरींनी गोठ्यामागे बर्फावर ओतून द्यावे लागले. बोटे कित्येक दिवस सुजलेली राहिली. परंतु त्या घरात आल्यापासून प्रथमच आम्ही घेतले कमी आणि दिले अधिक.

स्वयंपाकघरातील शीतपेटीवर घरकामाचा तक्ता लावलेला असे. कोणी कोणत्या दिवशी भांडी धुवावयाची, कोणी वासरांना पाजावयाचे, ते त्यावर लिहिलेले असे. त्यात आमचे नाव नव्हते; पाहुण्याचे नाव कसे असणार? वादळ शमल्यानंतरच्या सोमवारी आम्ही न्याहारीस उतरलो, तर तक्ता नवा होता. मंगळवार आणि शुक्रवार यांच्यापुढे, थोड्या चुकीच्या स्पेलिंगात, आमचे नाव होते.

परतीची वाट

जूनमध्ये आम्ही सांगलीस परतलो. जाण्याची भीती सर्वजण घालतात. परत येण्याविषयी कोणी सावध करीत नाही. १९६३ साली गलाहॉर्न दांपत्याने दाखवून दिले होते, की परतल्यावर आपल्याच घरी तशीच दुसरी उतरण लागते. ते वाचण्याआधी आम्ही ती भोगली. पहिल्या रात्री आईने पानात पोळी वाढली आणि आम्ही सहज ‘थँक यू’ म्हणालो. आईचा हात क्षणभर थांबला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने न मागता वाढले नाही आणि आमच्या ‘नको’ला ‘नको’च मानले. आपल्याच घरी आम्ही आठ-दहा दिवस पाहुणे होतो. मग एके दिवशी नळावरची घागर अर्धवट भरून आम्ही मित्राकडे निघून गेलो, परत आल्यावर आईने यथास्थित फैलावर घेतले, आणि आम्ही घरी आलो.

यशोदेच्या वाट्याला मात्र परतीची सुद्धा वाट नसते. अक्रूराचा रथ गेला, त्यानंतर कृष्ण गोकुळात राहावयास कधी आला नाही. भागवतात नंद-यशोदेची आणि त्याची पुन्हा भेट होते ती फार वर्षांनी, सूर्यग्रहणाच्या पर्वणीस कुरुक्षेत्रावर. वर्षभर एका मुलाला आपले करावयाचे आणि जूनमध्ये विमानतळावर पोचवून रिकाम्या गाडीने परतावयाचे, हे यजमान आया जाणूनबुजून पत्करतात. आनंदीबाईंच्या मावशीच्या वाट्याला तर त्याहून कठीण आले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या, मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, त्या मावशीने ती ठेवून घेतली. नाव तक्त्यावर चढते ते असे.

काला

आज निघणाऱ्या मुलांची कठिणाई निराळी आहे. आम्हाला पत्राची पंधरा-पंधरा दिवस वाट पाहावी लागे. त्यांच्या खिशात घर असते. आई रोज रात्री पडद्यावर दिसते, ताटात काय आहे ते विचारते. यात सुख आहे, आणि अडथळाही आहे. म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत घरी फार वेळा बोलू नये, असे अनुभवी समन्वयक सांगतात. पाठवणाऱ्या आयांना आम्ही इतकेच सुचवू, की लेकराला तिकडे कोणी रागावले तर लगेच कळवळून जाऊ नका. अन्याय होत असेल, भीती वाटत असेल, तर त्याने त्याच क्षणी समन्वयकास सांगितले पाहिजे. तेथे भिडेस थारा नाही. परंतु भांडी न धुतल्याबद्दलचे बोलणे हा अन्याय नव्हे.

आणि ज्या मराठी घरी परदेशी मूल वर्षभरासाठी आले असेल, त्या घराला आमची विनंती अशी. त्याला देव करून मखरात बसवू नका. मखरातल्या देवाचे आपण शेवटी विसर्जन करतो. त्याला दळण आणावयास पाठवा, अंथरुणे घालावयास सांगा, पायपुसण्यावर पाय न पुसता आले तर ओरडा. त्याने एकदा ‘नको’ म्हटले तर त्याचे पोट भरले असेल असे समजा. आणि तो दार लावून बसला तर मात्र थोड्या वेळाने हाक मारा.

दोन बोटांचे अंतर ते हेच. जुने कीर्तनकार त्याचा अर्थ सांगताना म्हणत, एक बोट भक्ताच्या श्रमाचे, दुसरे देवाच्या कृपेचे. परक्या घराच्या बाबतीत आम्हाला वाटते, एक बोट त्या घराचे असते. परक्या लेकराला रागावण्याचे धाडस घराने करावयाचे. दुसरे बोट त्या लेकराचे असते. त्याने बांधून घेण्यास राजी व्हावयाचे. एकट्याने कितीही दावी जोडली तरी गाठ बसत नाही.

उद्या काला होईल. गोकुळातल्या प्रत्येक पोराने आपापल्या घरची शिदोरी आणली, ती एकत्र कालवली आणि मग कोणाचे काय हे उरले नाही. ओहायोतील त्या माउलीची पत्रे आम्हाला अनेक वर्षे दर नाताळात येत राहिली. त्यांत ती घरातील मुलांची खुशाली वयाच्या क्रमाने लिहीत असे. धाकट्या मुलीच्या आधी, थोरल्याच्या मागोमाग, आमची हकिगत असे, आणि नावाचे स्पेलिंग शेवटपर्यंत चुकलेले. आम्ही ते कधी दुरुस्त केले नाही.